शस्त्रांचे आकडे आणि आकड्यांची चित्रे

मोबाईलवर लढाईचे खेळ खेळणाऱ्या मुलांच्या खांद्यावरून कधी डोकावून पाहिलेत, तर एक पान हमखास दृष्टीस पडेल. एका बाजूला बंदुकीचे झोकदार चित्र आणि शेजारी चार-पाच आडव्या पट्ट्या. एक पट्टी माऱ्याची, एक वेगाची, एक पल्ल्याची, एक अचूकपणाची. जिची पट्टी लांब ती बंदूक भारी! आजोबांना त्यात नसता उद्योग दिसतो, आईला बुडालेला अभ्यास दिसतो. पण वाचकहो, इतिहासाची थोडीफार आवड असणाऱ्याने त्या पट्ट्यांपाशी जरा थांबावे. शस्त्राची ताकद आकड्यात सांगता येते आणि आकडा रेघेने दाखवता येतो, या दोन्ही कल्पना माणसाला फार उशिरा सुचल्या. आणि त्या सुचल्या त्या मुलांना रमवण्यासाठी खासच नव्हेत.

आपल्या बुद्धिबळाचेच पाहा. चतुरंग या नावाने हा खेळ भारतातून इराणात आणि तिथून अरबांच्या हाताने युरोपात गेला. त्यात हत्ती आहे, घोडा आहे, पायदळ आहे. पण कोणाच्याही ताकदीला आकडा नाही. हत्तीची ताकद त्याच्या चालीत. मारण्याच्या बाबतीत तर सगळेच सारखे. प्याद्याने वजीर मारला की वजीर गेला. तो अर्धामुर्धा जखमी होऊन पटावर कण्हत उरला, असे होत नाही. १७८० साली ब्रन्सविकच्या हेल्विग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने (म्हणजे आमच्याच पेशातला गृहस्थ!) हा पट वाढवून दीड हजारांहून अधिक घरांचा केला, त्यात तोफा आणल्या. तरी खेळाचा मूळ पिंड बुद्धिबळाचाच राहिला.

आकडा आला तो प्रशियातून, आणि तो एका पराभवातून आला. १८०६ साली येना येथे नेपोलियनने प्रशियाच्या फौजेचा धुव्वा उडवला. ती फौज पुन्हा उभी करण्याचे काम ज्यांच्याकडे आले, त्यांतला प्रमुख सेनानी गेरहार्ड फोन शार्नहोर्स्ट. हा मनुष्य मोठा शास्त्रीय वृत्तीचा. अमुक बंदूक चांगली, तमुक वाईट, हे शिपायांच्या बढायांवर सोडायला तो तयार नव्हता. निरनिराळ्या देशांच्या बंदुका आणून, लाकडी फळ्यांचे लांबरुंद लक्ष्य उभे करून, वेगवेगळ्या अंतरांवरून गोळ्या झाडण्यात आल्या आणि फळ्यांना पडलेली भोके मोजण्यात आली. या प्रयोगांची कोष्टके १८१३ साली बर्लिनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. बंदुकीला गुणपत्रिका मिळाली, म्हणा ना!

आता फळी काही उलट गोळी झाडत नाही. फळीपुढे उभ्या असलेल्या शिपायाचा हात कापत नाही, धुराने त्याचे डोळे भरून येत नाहीत. रणांगणावर हेच आकडे पार खाली येणार, हे शार्नहोर्स्टसारख्या अनुभवी सेनानीला सांगायला नको होते. पण इतिहासाची लीला पाहा. त्याच १८१३ सालच्या मे महिन्यात लुट्झेनजवळच्या लढाईत शार्नहोर्स्टच्या पायाला जखम झाली. जखम जीवघेणी नव्हती. पण विश्रांती घ्यायची सोडून तो राजकारणाच्या कामासाठी प्रवास करीत राहिला, जखम चिघळली आणि २८ जून रोजी प्रागमध्ये त्याचा अंत झाला. ज्याने बंदुकीची भोके मोजली, त्याला नेले ते चिघळलेल्या जखमेने. त्या मरणासाठी त्याच्या कोष्टकात रकानाच नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती कामास येणार आहे.

हे आकडे खेळात आणले रायस्विट्झ या बापलेकांनी. बापाने १८१२ साली प्रशियाच्या राजाला लढाईचा एक देखणा पट करून दाखवला. मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने पट बाजूला सारून त्या जागी खराखुरा नकाशा ठेवला आणि १८२४ साली 'क्रीग्सश्पील' म्हणजे 'युद्धखेळ' या खेळाचे नियम छापले. नकाशा आठ हजारास एक या प्रमाणाचा. एक चाल म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे. एक बाजू लाल, दुसरी निळी, मध्ये पंच. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम लेखी द्यायचे. शत्रू कुठे आहे हे पंच सांगेल तेवढेच कळायचे. आणि गोळीबार झाला की पंचाने फासे टाकून कोष्टक पाहायचे: इतक्या अंतरावरून इतक्या शिपायांनी गोळ्या झाडल्या, तर समोरचे किती पडले? कोष्टकाला आधार शार्नहोर्स्टच्या फळ्यांचा. आता माणूस एकदम मरत नव्हता. पलटणीचे बळ थोडेथोडे घटत होते. आजच्या मुलांच्या खेळात पडद्याच्या कोपऱ्यात जी 'हेल्थ' उतरत जाते, तिची ही पणजी.

सरसेनापतीच्या कचेरीचा प्रमुख जनरल म्युफलिंग हा खेळ पाहायला प्रथम काहीशा नाखुशीनेच बसला, असे सांगतात. खेळ रंगत गेला तसा तो उत्तेजित झाला, आणि हा खेळ नव्हे, ही तर युद्धाची शाळा आहे, असे म्हणून त्याने साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली. बिचाऱ्या लेफ्टनंटला मात्र हे यश लाभले नाही. १८२७ साली, वयाच्या तिशीच्या आसपास, त्याने आत्महत्या केली.

पुढे १८७० साली प्रशियाने फ्रान्सला चारी मुंड्या चीत केले, तेव्हा कुठे युरोपातील इतर फौजांनी या खेळाकडे मान वळवली. आणि गंमत म्हणजे, जर्मनांचे कौतुक सगळीकडे चालू असताना त्यांच्यातलाच फेर्डी द्यु व्हेर्न्वा हा सेनानी १८७६ साली म्हणू लागला की, कोष्टके आणि फासे पुरे झाले; अनुभवी पंचाने आपल्या समजुतीने निकाल द्यावा. आकड्यांची कोष्टके इतकी वाढली होती की खेळ हलेना! आकडा मोठा की शहाण्या माणसाची पारख मोठी, हे भांडण तेव्हापासून आजतागायत मिटलेले नाही. शाळेत परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आम्ही मास्तर मंडळीही तेच भांडतो.

इथवर आकड्याची कथा झाली. चित्राची कथा वेगळ्या घराण्यातली, आणि माझ्या मते अधिक हृद्य.

आकडा पट्टीने दाखवण्याची युक्ती विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाची. १७८६ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. खेळातल्या बंदुकीशेजारची पट्टी ती हीच. परंतु शस्त्रे, सैन्य आणि मरण यांच्या आकड्यांना चित्रात खरे बोलायला लावले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी. आपल्या पाठ्यपुस्तकांत या बाई हाती दिवा घेऊन उभ्या असतात. त्यांच्या हातातली कंपासपेटी मात्र कोणी दाखवत नाही! क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैन्यात दर महिन्याला किती माणसे कशाने मेली, याचे आकडे त्यांनी विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या मदतीने जुळवले. १८५५ च्या जानेवारीत जखमांनी मेले ८३, इतर कारणांनी ३२४ आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी २,७६१. म्हणजे शत्रूच्या बंदुकीने एक शिपाई मेला, तर गटाराने, घाणेरड्या पाण्याने आणि गलथान कारभाराने तेहतीस मेले. शार्नहोर्स्टच्या कोष्टकात नसलेला तो रकाना हा असा भरून आला.

१८५८ साली बाईंनी याचे चित्र केले. वर्तुळाचे बारा भाग, एकेक महिन्याचा एकेक. रोगाचा रंग निळा, जखमांचा लाल, इतरांचा काळा. यात एक बारीक मेख आहे, आणि ती शाळेतल्या मुलालाही कळेल. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. आधीच्या एका चित्रात आकडा त्रिज्येने दाखवला गेला होता. त्यामुळे मोठे आकडे फाजील मोठे दिसत. पुढच्या चित्रात बाईंनी तो क्षेत्रफळाने दाखवला. बाजू आपली खरी असताना, फाजील मोठे दिसणारे चित्र आपल्याच पथ्यावर पडत असताना, ते सुधारून घेणे ही साधी गोष्ट नव्हे. याच बाईंनी पुढे हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याच्या चौकशीत लक्ष घातले. तिथे वर्षाला हजारी ६९ शिपाई मरत होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. हिंदुस्थानात मात्र त्या कधी आल्या नाहीत.

दुसरे नाव शार्ल मिनार या फ्रेंच इंजिनिअराचे. १८६९ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्याने नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचा नकाशा काढला. नेमान नदी ओलांडताना ४,२२,००० माणसे, म्हणून पट्टा रुंद. दर दहा हजारांस एक मिलिमीटर. मॉस्कोकडे जाताना तो निमुळता होत जातो आणि परतीचा काळा पट्टा तर दोऱ्यासारखा बारीक होत दहा हजारांवर येतो. खाली थंडीचे अंश. साऱ्या चित्रात एकही तोफ नाही, एकही तलवार नाही. पुढच्याच वर्षी प्रशियाची फौज पॅरिसवर चालून आली, तेव्हा हा म्हातारा कसाबसा बोर्डोला पळाला आणि सहाएक आठवड्यांत तिथेच वारला. युद्धखेळ खेळून तयार झालेल्या फौजेपुढून युद्धाचे चित्र काढणाऱ्याला पळावे लागले.

विसाव्या शतकात व्हिएन्नात ऑटो नॉयराथ याने चित्रांचा आणखी एक नियम घालून दिला: मोठा आकडा म्हणजे मोठे चित्र नव्हे, तर जास्त चित्रे. दुप्पट माणसे दाखवायची तर दुप्पट उंचीचा राक्षस काढू नका, तेवढीच दोन माणसे काढा.

आता पुन्हा खेळांकडे वळू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ काढला. आजच्या कित्येक संगणकी खेळांचा तो पूर्वज. त्याच्या पहिल्या नियमांत कोणत्याही शस्त्राचा घाव बसला तरी इजा एका फाशाची, एक ते सहा. खंजीर काय आणि दोन हातांची तलवार काय, सारखेच! १९७५ च्या पुरवणीत प्रत्येक शस्त्राला वेगळा आकडा मिळाला. इथे मोठाच फरक पडला होता. शार्नहोर्स्टचा आकडा मोजलेला होता. हा आकडा ठरवलेला होता. खेळ रंगावा म्हणून ठरवलेला. कागदावर मात्र दोन्ही आकडे सारखेच दिसतात.

हे सारे आठवायला कारण झाला आमच्या नववीतला एक विद्यार्थी. शाळेच्या हस्तलिखितासाठी त्याला 'काउंटर-स्ट्राइक' खेळातल्या बंदुकांचे तुलनाचित्र करायचे होते. दोन बंदुका, एके-४७ आणि एम-४, त्याने शेजारीशेजारी काढल्या होत्या, त्यांतली एक भलीमोठी. "सर, ही जास्त भारी आहे म्हणून मोठी काढली." म्हटले, किती भारी? मग आम्ही हिशेबाला बसलो. २०१२ साली निघालेल्या त्या आवृत्तीत एके-४७ च्या एका गोळीची इजा ३६, मिनिटाला गोळ्या ६००. म्हणजे सेकंदाला ३६०. एम-४ ची इजा ३३, पण गोळ्या ६६६. म्हणजे सेकंदाला ३६६. पट्ट्या काढल्या तर जवळजवळ सारख्या, किंबहुना एम-४ चीच केसभर लांब. पोरगा हिरमुसला. "पण सर, खेळताना तसं नाही ना! एके एका गोळीत मारते."

पोरगा बरोबर होता. डोक्याला लागल्यास इजा चौपट: एकीची १४४, दुसरीची १३२. शिरस्त्राण घातले असेल तर एके-४७ ची त्यातली साडेसत्याहत्तर टक्के इजा आत पोचते, एम-४ ची सत्तर टक्के. म्हणजे अगदी जवळून १११ आणि ९२. खेळाडूची हेल्थ असते १००. एक गोळी शंभराच्या पलीकडे, दुसरी अलीकडे. सगळा खेळ त्या आठ गुणांत. आणि एके-४७ ची किंमत होती २,७००, एम-४ ची ३,१००! सरासरीच्या पट्टीत हे कधीच दिसले नसते.

त्याने चित्र पुन्हा काढले. दोन्ही बंदुका सारख्या आकाराच्या, बारीक, कोपऱ्यात. मध्ये शंभरावर एक उभी लाल रेघ आणि तिच्याकडे येणाऱ्या दोन पट्ट्या, एक ओलांडून गेलेली, एक अलीकडे थबकलेली. रेघेला नाव काय द्यावे यावर तो बराच वेळ अडला होता. 'हेल्थ' लिहिले, खोडले, आणि शेवटी 'माणूस' असे लिहिले. माझ्या सांगण्यावरून त्याने खाली दोन ओळी घातल्या: हे आकडे खेळ करणाऱ्या कंपनीने ठरवलेले आहेत, खऱ्या बंदुकीवर मोजलेले नाहीत; आणि कंपनी ते मधूनमधून बदलत असल्यामुळे चित्र कोणत्या आवृत्तीवरून काढले, ते साल. दुसरी ओळ त्याला अनावश्यक वाटत होती. २०२३ साली त्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि पुढे एम-४ ची किंमत उतरली, हे मात्र त्यानेच मला सांगितले.