धर्मापुरीच्या सुरसुंदरींचं माहेर

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीला केदारेश्वराचं देऊळ आहे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. गावच्या किल्ल्याच्या तटातही देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. एवढं कोणीही सांगेल. मला कुतूहल आहे ते देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या सुरसुंदरींचं, म्हणजे देवलोकीच्या सुंदर स्त्रियांचं. ह्या बाया आल्या कुठून?

अशा एकीचा धागा सापडतो कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या जलसंगीला. तिथल्या देवळावर एक सुंदरी आपल्याकडे पाठ करून, कमरेत वळून, चक्क शिलालेख लिहिते आहे. अक्षरं वाचता येतात: चालुक्य विक्रमादित्य सप्तद्वीपा पृथ्वी ताब्यात घेणार, असा आशय. हातात लेखणी दिसली की आपण 'पत्रलेखिका' म्हणून मोकळे होतो, आणि पत्र अर्थातच प्रियकराला! जलसंगीची बाई मात्र सरळ राजाची प्रशस्ती लिहिते.

ही लिहिणारी सुंदरी मूळची दख्खनची नव्हे. खजुराहोत ती आधीपासून आहे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधली तिची प्रसिद्ध बहीण बराच काळ भुवनेश्वरची मानली जाई. पुढे अभ्यासकांनी तिलाही खजुराहोची ठरवलं. मग ही बाई बुंदेलखंडातून खाली आली कशी? फिरत्या शिल्पींबरोबर, हे नेहमीचं उत्तर. मान्य. पण शिल्पी आकार आणतील. तिच्या हाती राजस्तुती कोणी दिली? माझा संशय बिल्हणावर. हा काश्मिरी कवी मथुरा, कनौज, काशी करत बुंदेलखंडाला लागूनच असलेल्या डाहलच्या कर्ण राजाकडे राहिला, मग कल्याणीला येऊन चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याचा विद्यापती, म्हणजे मुख्य पंडित, झाला आणि त्याने 'विक्रमांकदेवचरित' रचलं. पुरावा विचाराल तर नाही. पण राजस्तुती हाच ज्याचा धंदा, तो वाटेत पाहिलेली लेखणीवाली विसरेल?

पण चालुक्यांची ही आठवण आपण ठेवलेली नाही. आज मराठवाड्यात जुनं दगडी देऊळ दिसलं की ते 'हेमाडपंती'. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. चालुक्यांचं राज्य त्याच्या आधीच बुडालेलं. सीमेपलीकडे हेच चालुक्य कन्नड अभिमानाचा विषय आहेत, आणि तेही साधार, कारण मराठवाड्यातही त्यांचे कन्नड लेख पुष्कळ आहेत. आपण मात्र यादवांपासून मोजायला लागतो. खरं तर 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत धर्मापुरी आणि जलसंगी एकाच हैदराबाद राज्यात होती.