गठ्ठ्यातला एक कागद

छपाईच्या इतिहासात शाईची, खिळ्यांची चर्चा भरपूर होते. कागद लावणाऱ्या हातांची फारशी होत नाही. गठ्ठ्यातून एकच कागद उचलायचा, दुसरा चिकटून येऊ द्यायचा नाही, हे बोटांना सहज जमतं. यंत्राला ते शिकवण्यात मात्र पिढ्या गेल्या.

२९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनचा ‘टाइम्स’ प्रथमच वाफेच्या यंत्रावर छापला गेला. फ्रीडरिश कोनिग या जर्मन कारागिराचं ते यंत्र तासाला सुमारे ११०० कागद छापत असे. कामगार बिथरतील म्हणून मालक जॉन वॉल्टर यांनी ते गुपचूप उभारलं आणि शांत राहिलात तर दुसरं काम मिळेपर्यंत पगार देऊ, असं वचन दिलं. गंमत म्हणजे, दाब देणारे हात गेले तरी कागद लावणारे हात राहिलेच!

आपल्याकडच्या ट्रेडलवरही तेच. उघडझाप करणाऱ्या जबड्यात एका हातानं कोरा कागद ठेवायचा, दुसऱ्यानं छापलेला काढायचा. ताल चुकला की बोटं चिरडायची. कवितेची किती पुस्तकं अशा हातांनी निघाली. मुखपृष्ठावर नाव मात्र कवीचं.

पुढं हायडलबर्गचं स्वयंचलित यंत्र आलं. १९१४मध्ये लायपझिगच्या प्रदर्शनात त्याची सुरुवातीची आवृत्ती मांडली होती. या जातीच्या यंत्रात हवेच्या फुंकरीनं वरचे कागद सुटे होतात, शोषनळ्या एक उचलतात आणि पवनचक्कीसारखे फिरणारे चिमटे तो आत नेतात. माणसाची बोटं जबड्याबाहेर आली.

१९५९च्या ‘झेरॉक्स ९१४’नं साध्या कागदावर नक्कल काढणं कचेरीत आणलं. आता यंत्रापाशी छापखान्यातला जाणकार नव्हता, त्यामुळे कागद अडकून चालणार नव्हतं. आजच्या पुष्कळ छोट्या प्रिंटरांत हवा नाही, नळ्या नाहीत. वर रबरी रूळ, खाली छोटीशी गादी. रुळाची पकड सर्वांत जास्त, गादीची त्याहून कमी, पण कागदाची कागदावरची पकड सर्वांत कमी. म्हणून दोन कागद आले तर वरचा रुळाबरोबर जातो, खालचा गादीपाशी थांबतो. एकच आला, तर रूळ गादीला जुमानत नाही. इतकी साधी युक्ती!

रुळावर कागदाची धूळ बसली की पकड सुटते. पावसाळ्यात दमट कागद एकमेकांना बिलगतात. झेरॉक्सवाला गठ्ठा ट्रेमध्ये ठेवण्याआधी कडेनं फडफडवतो, तो पानापानांत हवा शिरावी म्हणून.