पोते किती वेळा उचलले?
सोलापूरच्या मालवाहतुकीची १६० वर्षे

हिवाळ्यात कांद्याची आवक वाढली की हैदराबाद रस्त्यावरच्या सिद्धेश्वर बाजार समितीबाहेर पहाटेच गाड्यांची रांग लागते. शेतात भरलेली पिशवी इथे उतरते, लिलाव झाला की पुन्हा चढते आणि परगावी जाऊन पुन्हा उतरते. शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या पट्टीत भाडे, हमाली, तोलाई वजा झालेली असते. नोकरी सांभाळून सोलापूरच्या वाहतुकीचे जुने कागद वाचताना मला या पट्टीने एक प्रश्न शिकवला. रस्ता कुठून कुठे जातो, हे सगळेच सांगतात. वाटेत पोते किती वेळा उचलले, हे कोण सांगते?

रेल्वेपूर्वी इथला माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जाई. ६ जून १८६० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मोहोळहून सोलापूरला पोहोचला. पण बोरघाटातला रूळमार्ग सुरू झाला तो एप्रिल १८६३ मध्ये. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे सोलापूरची कापसाची गाठ खंडाळ्याला उतरे, घाट उतरून खोपोलीला येई आणि तिथे पुन्हा डब्यात चढे. याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेकडो मैलांचा लोहमार्ग तयार होता आणि सगळे अडले होते एका घाटापाशी.

पुढचा धडा क्रूर होता. १८७६-७७ च्या दुष्काळात धान्य रेल्वेने सोलापूरपर्यंत येऊ शकत होते. तिथून दक्षिणेला, तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, ते न्यायला बैल हवे होते आणि चाऱ्यावाचून बैलच मरत होते. दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये दुष्काळनिवारक लोहमार्गांचा आग्रह धरला. १८८४ मध्ये सदर्न मराठा रेल्वेचा होटगी-गदग मार्ग झाला. विजापूर सोलापूरला जोडले गेले. मात्र हा मार्ग मीटरगेज होता आणि मुंबई-मद्रास मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे होटगीला डबे समोरासमोर उभे करून पोती या डब्यातून त्या डब्यात टाकावी लागत. नकाशावर दोन रेषा मिळाल्या, जमिनीवर त्यांच्यामध्ये हमालाची पाठ राहिली. ही अडचण एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकली.

या कथेत एक माणूस वेगळा दिसतो, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या नोकरीत असताना त्याने बार्शीची पेठ पाहिली. कापूस आणि धान्याची मोठी उलाढाल असलेले हे गाव मुख्य मार्गापासून २१ मैल दूर राहिले होते. मुख्य मार्गावरच्या स्टेशनाला नाव मात्र ‘बार्शी रोड’. तेच आजचे कुर्डुवाडी. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फूट रुंदीची होती. कॅलथ्रॉपने विचार सुरू केला तो वजनापासून. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको, हा त्याचा नियम. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला तर हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि डबाही भरून नेता येतो. १९०६ मध्ये ही गाडी पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली.

कुर्डुवाडीला माल उतरवून चढवावाच लागे, हे खरे. कॅलथ्रॉपलाही ते बोचत असावे. पुढे इंग्लंडमधल्या लीक-मॅनिफोल्ड या अरुंद मार्गावर त्याने रुंद मार्गाचा भरलेला डबाच उचलून अरुंद गाड्यावर ठेवण्याची सोय केली. ऑगस्ट २०२० मध्ये बंगळूरजवळच्या नेलमंगलाहून सोलापूरशेजारच्या बाळे स्टेशनपर्यंत मालाने भरलेले ट्रक सपाट डब्यांवर चढवून आणले गेले, तेव्हा मला कॅलथ्रॉप आठवला. कल्पना तीच होती, माल हलवू नका, वाहनच हलवा.

गेज एक झाल्याचे मोल २०१६ च्या एप्रिलमध्ये कळले. मिरजेहून पाण्याच्या टाक्या घेऊन निघालेली गाडी पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी मार्गे थेट लातूरला गेली. हा मार्ग अरुंदच राहिला असता, तर राजस्थानातल्या कोट्याहून आलेल्या त्या टाक्या तहानलेल्या लातूरपर्यंत पोहोचल्या नसत्या.

आता शहराकडे येऊ. १९९२ च्या हद्दवाढीने सोलापूर एकदम पसरले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाखांवर गेली. पुणे-हैदराबाद, धुळे-विजापूर आणि रत्नागिरीकडचा असे तीन राष्ट्रीय महामार्ग इथे एकत्र येतात. अवजड वाहनांखाली माणसे मेली की वळणरस्त्याची मागणी होते, आणि ती रास्तच आहे. केगाव-हत्तूर वळणरस्त्याने विजापूरकडे जाणारा ट्रक शहराबाहेरून जाऊ शकतो. परंतु वळणरस्ता उपयोगी पडतो तो सोलापूर ओलांडणाऱ्या मालाला. कांदा सोलापूर ओलांडत नाही, तो सोलापुरातच येतो. यंत्रमागाचे सूत शहरात येते, चादरी आणि टॉवेलांचे गठ्ठे शहरातूनच निघतात. या मालाला वळणरस्ता नाही. त्याला हवी आहे ट्रक उभा करायला जागा, महामार्ग आणि मालधक्का यांच्याजवळ वखारी, आणि मोठ्या गाडीतला माल लहान टेम्पोत घेण्याची एक ठरलेली, सावलीची, दिव्याची जागा. एवढे नसेल, तर ट्रक रस्त्यावरच उभा राहतो आणि त्याच्या बाजूने शाळेची सायकल जाते.

इथे एक गोष्ट मला स्वतःलाच विचारावी लागते. प्रत्येक उचल म्हणजे खर्च, हे शेतकऱ्याचे गणित. प्रत्येक उचल म्हणजे भाकरी, हे हमालाचे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला तो या पाठीला हक्क मिळावा म्हणून. नियोजनात उचल कमी करायची असेल, तर ज्याची उचल गेली त्याला यंत्रावर, वखारीत, प्रतवारीत काम मिळाले पाहिजे. होटगीचा धक्का शांत झाला तेव्हा हा प्रश्न योजनेच्या कागदावर यायला हवा होता.

म्हणून नवा रस्ता आखण्यापूर्वी एक हिवाळा बाजार समितीच्या दारात आणि बाळ्याच्या मालधक्क्यावर माणसे बसवावीत. गाड्या मोजण्यासाठी नव्हे, उचली मोजण्यासाठी. ते काम वही-पेन्सिलीनेही होईल.