सायकलींचें कुलशील

पुण्यासारख्या शहरांत मध्यम स्थितीच्या एखाद्या घराच्या ओसरीवर किंवा जिन्याखालीं नवी सायकल उभी दिसली, म्हणजे पाहुण्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघे तो "केवढ्याला पडली?" हा नव्हे आणि "कशी चालते?" हाहि नव्हे. "कोणती घेतलीत?" असा तो प्रश्न असे. उत्तर "रॅले" असें आलें कीं पाहुण्याची मान आपोआप डोले; "बी. एस. ए." असें आलें तर तो वांकून तीन बंदुकांची खूण शोधूं लागे, आणि "हर्क्युलिस" असें आलें तर "बरी असते" एवढेंच म्हणून हवापाण्याच्या गोष्टींकडे वळे. सोयरीक जुळवितांना ज्या बारकाईनें कुलशील पाहात, तीच बारकाई या दुचाकी यंत्राच्या बाबतींत दाखविणारे गृहस्थ आम्हीं आमच्या बाळपणीं पुष्कळ पाहिले आहेत. या कुलीनतेच्या मुळाशीं खरें किती आणि ऐकीव किती, हें तपासून पाहावें अशी इच्छा बरेच दिवस मनांत होती.

रॅलेचें घराणें जुनें, यांत शंका नाहीं. हाँगकाँगकडे पैसा मिळवून, प्रकृति बिघडल्यामुळें इंग्लंडांत परतलेल्या फ्रँक बौडेन नांवाच्या गृहस्थास डॉक्टरनें सायकल चालविण्याचा सल्ला दिला. गुण आला, आणि नॉटिंगहॅम शहरांतील रॅले स्ट्रीटवर जो एक लहानसा सायकलींचा कारखाना होता तो त्यानें हातीं घेऊन १८८८ सालीं कंपनी उभारली. आमचे वडीलधारे जें नांव इतक्या आदरानें उच्चारीत तें, म्हणजे, कंपनीनें एका रस्त्याच्या पाटीवरून उचललेलें होतें. पुढें तीन गतींचें स्टर्मी-आर्चर चक्र बौडेनच्याच आश्रयानें बाजारांत आलें, आणि "सर्वस्वी पोलादी" हें या सायकलीचें ब्रीद झालें. तिच्या दांतेचक्रावर बगळ्याचीं मुंडकीं कोरलेलीं असत. तीं दाखविण्यासाठीं चेनवरचें झांकण न बसविणारे शौकीनहि असत; धोतर काळें झालें तरी चालेल, पण बगळे दिसले पाहिजेत!

हर्क्युलिसची हकीकत निराळी. बर्मिंगहॅम येथें १९१० सालीं क्रेन नांवाच्या भावांनीं हा धंदा अगदीं अल्प भांडवलावर मांडला. उत्तमांत उत्तम सायकल करावी ही त्यांची महत्त्वाकांक्षाच नव्हती. टिकाऊ सायकल किती कमी किंमतींत देतां येईल, हा एकच प्रश्न त्यांनीं धरून ठेवला. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत त्यांनीं चार पौंडांच्या आंत संपूर्ण सायकल विकून दाखविली. ज्या मजुरास कारखान्यापर्यंत रोज चार मैल पायपीट करावी लागे, त्याच्या हातीं यामुळें दोन चाकें आलीं. जगांत सर्वांत अधिक सायकली आपणच करतों असें ही कंपनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीं सांगूं लागली होती. परंतु मजुराच्या हातीं गेलेली वस्तु साहेबाच्या मनांतून उतरते, हा जगाचा नियम. "हर्क्युलिस म्हणजे स्वस्तांतली" हें मत आपल्याकडे पिकलें नाहीं. तें विलायतेहून त्याच बोटींत, त्याच खोक्यांतून आलें.

मौज अशी कीं, विलायतेंतल्या खऱ्या षौकिनांच्या लेखीं रॅलेसुद्धां बाजारीच होती. तेथील सायकल-क्लबांतील मंडळी क्लॉड बटलर किंवा हेचिन्स यांच्यासारख्या लहान कारागिरांकडून आपल्या मापाची चौकट बांधून घेत, आणि हजारांनीं निघणाऱ्या कोणत्याहि सायकलीकडे, मग ती नॉटिंगहॅमची असो वा बर्मिंगहॅमची, सारख्याच तुच्छतेनें पाहात. आमच्या शेजाऱ्यास हें ठाऊक असतें तर त्याची मान एवढी ताठ राहिली असती कीं नाहीं, कोण जाणे! मोठ्या कंपन्यांस मात्र हा तुच्छताभाव चांगलाच टोंचत असावा. मार्गरीट विल्सन या तरुणीनें १९३९ सालीं इंग्लंडच्या दक्षिण टोंकापासून स्कॉटलंडच्या उत्तर टोंकापर्यंतचें अंतर तीन दिवसांच्या आंत तोडलें, तें हर्क्युलिस कंपनीच्या पदरीं राहून, हर्क्युलिसवरच. रॅलेनेंहि पुढें रेग हॅरिस या जगज्जेत्या खेळाडूचें नांव आपल्या जाहिरातींस जोडलें. विक्री दोघांनाहि भरपूर होती. उणीव होती ती मानाची.

आतां, या दोन सायकलींत कांहींच अंतर नव्हतें असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. रॅलेचा काळा रंग खोल असे, मुलामा जाड असे, आणि जोडकाम डोळ्यांस सुख देई. पण तिच्या मालकास एक अडचणहि पदरीं घ्यावी लागे. पायडलांमधील आंस ज्या वाट्यांत फिरतो त्या वाट्यांस नॉटिंगहॅमच्या सायकलींत इंचास २६ आटे असत. इतर बहुतेक कंपन्या २४ आट्यांचा प्रघात पाळीत. त्यामुळें रॅलेची वाटी झिजली कीं रॅलेचीच आणावी लागे. शहरांत ती मिळे. बार्शीच्या किंवा राजापूरच्या बाजारांत मिळेलच असें नव्हे. जो मनुष्य सायकलीवरून दूध, तेलाचे डबे किंवा धोब्याचें गाठोडें वाहून पोट भरी, त्याचें मत या एका वाटीवर ठरे. दिवाणखान्यांत बसून सायकलींच्या जाती लावणारे लोक आठवड्यांतून सहा दिवस कचेरीपर्यंत जात, तेंहि सपाट रस्त्यानें. दूधवाल्याच्या सायकलीवर दोन्ही बाजूंस जड कासंड्या लोंबत. दोघांपैकीं सायकलीची परीक्षा कोणास अधिक, हें वाचकांनींच ठरवावें. परंतु दूधवाल्यास त्याचें मत कोणी विचारल्याचें आमच्या आठवणींत नाहीं.

या कुळांचें पुढें काय झालें, तो भाग विशेष मनोरंजक आहे. हंबर ही आणखी एक नामांकित सायकल. तिचा दुहेरी नळ्यांचा पुढचा चिमटा पाहून जाणते लोक ती दुरून ओळखीत. ती १९३२ सालींच रॅलेच्या मालकीची झाली होती. १९५७ सालीं बी. एस. ए. चा सायकलींचा धंदा रॅलेनें विकत घेतला. आणि १९६० सालीं ज्या उद्योगसमूहाकडे हर्क्युलिस व फिलिप्स होत्या, तो समूह आणि रॅले एकत्र झाले. येणेंप्रमाणें ज्या नांवांवरून आमच्याकडे कट्ट्याकट्ट्यांवर वाद रंगत, तीं सारीं नांवें तिकडे एकाच छपराखालीं नांदूं लागलीं. वाद मात्र त्यानंतरहि वीस वर्षें तितक्याच आवेशानें चालू होते.

तोंपर्यंत आपल्या देशांतहि कारखाने उभे राहिले होते. मुंबईस वरळी येथें हिंद सायकल्स १९३९ सालीं निघाली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनें आलीं. मद्रासजवळ अंबत्तूर येथें १९४९ सालीं स्थापन झालेली कंपनी हर्क्युलिस करूं लागली, आणि आसनसोल येथें सेन-रॅलेचा कारखाना झाला. सोनिपत येथें जानकीदास कपूर यांनीं १९५१ सालीं अॅटलास काढली; आणि पश्चिम पंजाबांतून आलेल्या मुंजाल बंधूंनीं लुधियाना येथें, आधीं सुट्या भागांचा व्यापार करून, १९५६ सालीं हिरो सायकल सुरू केली. याच हिरोची १९८६ सालीं जगांतील सर्वांत अधिक सायकली करणारी कंपनी म्हणून नोंद झाली.

येथें कुलीनतेचें कोष्टक पुन्हां नव्यानें मांडलें गेलें. आसनसोलची रॅले ही "खरी" रॅले नव्हे, असें विलायती रॅलेचे मालक म्हणूं लागले. ज्या हर्क्युलिसकडे पाहून एका पिढीनें नाक मुरडलें होतें, ती दुसऱ्या पिढीस घरंदाज वाटूं लागली. कारण आतां नाक मुरडण्यासाठीं लुधियाना आणि सोनिपत हातीं आलीं होतीं. देशी मालाचा मुलामा पावसाळ्यांत लौकर डाग धरतो, घंटीचा आवाज बसतो, अशा तक्रारी त्या काळीं सर्रास ऐकूं येत. त्यांत तथ्यहि असेल. परंतु जे लोक सभेंत स्वदेशीवर टाळ्या वाजवीत, तेच घरीं येऊन देशी सायकलीबद्दल दबक्या आवाजांत बोलत, हें आम्हीं स्वतःच्याच घरांत पाहिलें आहे.

आमच्या वडिलांची सायकल विलायती होती. दर रविवारीं सकाळीं ते ती जुन्या धोतराच्या फडक्यानें पुशीत, आणि तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांस खपत नसे. १९५९ सालीं आमची थोरली बहीण कॉलेजांत जाऊं लागली, तेव्हां तिच्यासाठीं मधली दांडी नसलेली एक देशी सायकल घ्यावी लागली; पगारांत तेवढेंच बसत होतें. आत्याबाई घरीं आल्या आणि त्यांनीं नेहमींचा प्रश्न विचारला, "कोणती घेतलीस रे, दादा?" वडील खालीं पाहून म्हणाले, "साधीच." ताई दारांतच उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. पण त्या दिवसापासून तिनें आपली सायकल वडिलांच्या सायकलीशेजारीं न लावतां अंगणांत, पारिजातकाखालीं लावावयास सुरुवात केली.

१९६१ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस पानशेतचें धरण फुटलें. आमचें घर नारायण पेठेंत, नदीपासून फार दूर नव्हे. माणसें वांचलीं, बाकीचें बहुतेक गेलें. पाणी ओसरल्यावर जिन्याखालची एक सायकल आणि पारिजातकाखालची दुसरी, अशा दोन्ही गाळांत रुतलेल्या सांपडल्या. पेठेंतल्या एका मिस्त्रीच्या दुकानापुढें त्या आठवड्यांत सायकलींची जी रांग लागली होती ती आमच्या डोळ्यांपुढें अजून उभी आहे. सगळ्या एकाच मातकट रंगाच्या. नांव एकीचेंहि वाचतां येत नव्हतें. लोक म्युनिसिपालिटीच्या पितळी बिल्ल्यांवरचा गाळ अंगठ्यानें पुसून आकडे वाचीत आणि आपापली सायकल ओळखीत.

मिस्त्रीपाशीं रॉकेलनें भरलेलें एक मोठें घमेलें होतें. एकामागून एक चाक उघडून त्यांतले छर्रे तो त्या घमेल्यांत टाकी, हातानें ढवळी, आणि दुसऱ्या हातानें स्वच्छ झालेले छर्रे मोजून पुढच्या चाकांत वंगण लावून बसवी. कोणाचे कोणत्या चाकांत गेले, याचा हिशेब ठेवावयास त्यास वेळ नव्हता. आमचे वडील शेजारीं उभे होते. एरव्हीं त्यांनीं आकांडतांडव केलें असतें. त्या दिवशीं त्यांनीं खिशांतून पैसे काढून दिले आणि दोन्ही सायकली दोन हातांनीं धरून ते घरीं आले. ताईची सायकल त्यांनीं जिन्याखालीं, आपल्या सायकलीला टेकवून लावली. पुढें ताई लग्न होऊन सांगलीस गेली, तेव्हां तिनें ती बरोबर नेली.