टाम्पाहून ॲशबर्नला : मराठी विकिपीडियाच्या बिऱ्हाडाची गोष्ट

भुसावळ तालुक्यातल्या वरणगावात बसून कोणी मोबाइलवर मराठी विकिपीडियाचे पान उघडते, तेव्हा ते पान महाराष्ट्रातून येत नाही. बहुधा ते सिंगापूरच्या साठ्यातून येते आणि त्याची मूळ प्रत अमेरिकेत असते. ती प्रत तिथे कशी पोहोचली, आणि वाटेत कितीदा धोक्यात आली, त्याचा हा धागा. 🧵

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी. त्या वेळी विकिपीडियाचा सारा पसारा कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे मोजक्या यंत्रांवर चालत असे. २००४ मध्ये बिऱ्हाड फ्लोरिडातील टाम्पा शहरी हलले. निवड काही फार विचारांती झालेली नव्हती. प्रकल्पाला आश्रय देणारी माणसे त्या भागात आली, म्हणून यंत्रेही आली.

मराठीला तेव्हाही स्वतंत्र सर्व्हर नव्हता आणि आजही नाही. शेकडो लहान भाषांचे विकी एकाच विदागारसमूहात शेजार करून राहतात. एकाच चाळीतली ही बिऱ्हाडे. नळाला पाणी आले नाही तर सगळ्यांचेच हंडे रिकामे.

ते २१ फेब्रुवारी २००५ रोजी दिसले. टाम्पाच्या केंद्रातील सर्किट ब्रेकर पडले आणि यंत्रे एकाच वेळी बंद झाली. वीज परतली, पण विदागारे परतली नाहीत. डिस्कने ‘लिहिले’ असे कळवलेली माहिती प्रत्यक्षात तात्पुरत्या स्मृतीतच होती आणि विजेबरोबर गेली. शाबूत राहिलेल्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करावे लागले. भारनियमनाच्या काळात संगणक चालवलेल्या खानदेशी माणसाला हे दुःख निराळे समजावून सांगायला नको.

तरीही टाम्पा सुटायला आणखी आठ वर्षे लागली. फ्लोरिडा हा चक्रीवादळांचा प्रदेश. इंटरनेटच्या मुख्य वाहिन्याही तिथे पुरेशा नव्हत्या. २००९ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनच्या तंत्रज्ञांनी नवी जागा पाहायला सुरुवात केली आणि वॉशिंग्टनजवळचे, व्हर्जिनिया राज्यातील ॲशबर्न ठरले. तिथे वाहिन्यांचे जाळे दाट आणि वादळे कमी.

दरम्यान उष्म्यानेही धडा दिला. २४ मार्च २०१० रोजी युरोपातील केंद्र तापले आणि यंत्रांनी स्वतःला बंद करून घेतले. अशा वेळी वाहतूक झटपट टाम्पाकडे वळवता यावी अशी सोय केलेली होती. नेमकी तीच सोय नादुरुस्त निघाली आणि संकेतस्थळाचा पत्ताच जगभर सापडेनासा झाला. पर्याय ठेवणे आणि पर्याय चालतो की नाही हे पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक संस्था पहिलीवरच थांबतात.

ॲशबर्नमध्ये यंत्रे बसवायला फेब्रुवारी २०११ मध्ये आरंभ झाला. मग सुरू झाले खरे किचकट काम. टाम्पातील जुनी यंत्रे वर्षानुवर्षे हाताने जुळवलेली. कोणती सेवा कशावर अवलंबून आहे हे अनेकदा जुन्या कार्यकर्त्यांच्या डोक्यातच. ती मांडणी जशीच्या तशी उचलून नेता येण्यासारखी नव्हती, म्हणून प्रत्येक यंत्राची रचना लिखित आज्ञावलीत उतरवण्यात आली, जेणेकरून तशीच दुसरी यंत्रे नव्याने घडवता यावीत. आधी केवळ वाचनाची वाहतूक नव्या केंद्राकडे वळली; लेखनाचा गाभा मात्र टाम्पातच राहिला. या अर्धवट अवस्थेची किंमत ६ ऑगस्ट २०१२ रोजी मोजावी लागली. दोन शहरांना जोडणाऱ्या प्रकाशतंतूच्या केबली तुटल्या आणि विकिपीडिया काही काळ बंद पडला.

अखेर स्थलांतरासाठी २२, २३ आणि २४ जानेवारी २०१३ हे तीन दिवस राखून ठेवले गेले, प्रत्येकी आठ तास. भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहा ते पहाटे साडेसहा. म्हणजे तापीकाठच्या शिवारात रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी भरले जात असताना, मराठीतील दहा वर्षांचे लेखन, त्यातील प्रत्येक दुरुस्तीच्या इतिहासासह, ॲशबर्नच्या हवाली होत होते. लेखनाचा गाभा हलला, आणि वाचकांपैकी बहुतेकांना काही घडल्याचे कळलेही नाही.

टाम्पा त्यानंतर राखीव म्हणून उरले. त्याची जागा घेण्यासाठी २०१४ मध्ये टेक्सासमधील डॅलसजवळ कॅरोल्टन येथे दुसरे केंद्र निवडले गेले. या वेळी २०१० चा धडा विसरला गेला नाही. १९ एप्रिल २०१६ रोजी, कोणताही बिघाड नसताना, सारे विकी मुद्दाम टेक्सासकडे वळवण्यात आले आणि दोन दिवसांनी परत आणण्यात आले. त्यासाठी संपादन १५ ते ३० मिनिटे थांबेल अशी पूर्वसूचना होती. सरावाने पुढे तो खंड दोन-तीन मिनिटांवर आला. भारतातील वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे २०१८ मध्ये सिंगापूरचे साठाकेंद्र सुरू झाले. तोवर वरणगावच्या वाचकाची मागणी दूरच्या खंडातच जाऊन परतत असे.

आता हा पालट वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास होतो. त्या दिवशी मराठी विकिपीडियावर संपादन करणाऱ्याला काही मिनिटे बदल जतन करता येणार नाहीत, अशी पट्टी दिसते.