चंद्रकांत पंडित नागपुरात आले तेव्हा

1987 च्या विश्वचषकात आपल्या सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली. त्याच सामन्यात गावसकरांनी त्यांचं एकमेव एकदिवसीय शतक ठोकलं. आपल्या पिढीच्या नागपूरकरांचा क्रिकेटचा अभिमान बहुतेक असाच होता: मैदान आपलं, पराक्रम पाहुण्यांचा. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी करंडक खेळत होता, पण साठ वर्षांत अंतिम फेरी एकदाही नाही.

2017 मध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेने चंद्रकांत पंडित यांना प्रशिक्षक नेमलं. भारताचे हे माजी यष्टिरक्षक कडक शिस्तीचे म्हणून ओळखले जात. त्यांच्या हाताखाली मुंबईने 2015-16 चा करंडक जिंकला होता; पुढच्या वर्षी मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि तिने नवा प्रशिक्षक नेमला. मुंबईने सोडलेला माणूस विदर्भाने उचलला.

पण पंडितांना रिकामी पाटी मिळाली नव्हती. संघटनेची अकादमी होती, जामठ्याचं मैदान होतं, फैज फजलसारखा मुरलेला कर्णधार होता, मुंबईहून आलेला वसीम जाफर होता. गोलंदाजांना सुब्रतो बॅनर्जी शिकवत होते. कमी होती ती एकच गोष्ट: आपण जिंकू शकतो हा विश्वास.

त्याची परीक्षा कोलकात्यात झाली. उपांत्य सामन्यात कर्नाटकला जिंकायला 198 धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानीने सात बळी घेतले आणि विदर्भ अवघ्या 5 धावांनी जिंकला. हा गुरबानी सिव्हिल इंजिनिअर, हे आमच्यासारख्या इंजिनिअरांनी अभिमानाने सांगायलाच हवं! इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक केलं आणि 1 जानेवारी 2018 रोजी करंडक विदर्भाचा झाला. पुढच्या वर्षी जामठ्यालाच सौराष्ट्राला हरवून तो राखला. त्या सामन्यात आदित्य सरवटेने 11 बळी घेतले, पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच बाद केलं.

2020 मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि 2022 मध्ये त्यांनाही करंडक मिळवून दिला. "आता आपलं काय?" हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर 2025 मध्ये मिळालं. विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. प्रशिक्षक होते विदर्भाकडूनच खेळलेले उस्मान घनी, कर्णधार तोच अक्षय वाडकर. आणि हर्ष दुबेने एका मोसमात 69 बळींचा विक्रम केला.

पंडितांची खरी कमाई मला या तिसऱ्या करंडकात दिसते. गुरुजी वर्गात असताना सगळेच गणितं सोडवतात. त्यांची बदली झाल्यावरही वर्गाला गणित येतं का, ते महत्त्वाचं. आपल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.