'या', 'शय' आणि 'क्ष' : बीजगणितातील खुणांची हकिकत

अंधेरी-जोगेश्वरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कोणत्याही पालकसभेत बसा, एक तक्रार हमखास कानी येते : मूल हिशेबात बरे होते, पण गणितात अक्षरे आली आणि त्याचा धीर सुटला. दोष बहुधा बुद्धीचा नसतो. प्रत्येक खुणेमागे एक साधा शब्द असतो, आणि तो शब्द कोणता हे त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून या खुणांची जन्मकथा येथे सांगावीशी वाटते. तिचा बराच भाग आपल्या घरचाच आहे.

चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. याच भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात राशीला 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके असेल तितके', असे नाव आहे. लिहिताना नुसते 'या'. दुसरी अज्ञात राशी आली तर 'कालक' म्हणून 'का', तिसरी 'नीलक' म्हणून 'नी'. अज्ञातांना रंगांची नावे! ज्ञात संख्येपुढे 'रू' (रूप), आणि ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब.

त्यातील एक उदाहरण पाहा. एकाजवळ ३०० नाणी व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण १०० नाण्यांचे कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी आणि सर्व घोडे एकाच मोलाचे, तर एका घोड्याची किंमत किती? मांडणी अशी :

या ६ रू ३००
या १० रू १०० (या १०० वर टिंब)

बरोबरचे चिन्ह कोठेच नाही. एकाखाली एक लिहिणे हीच समानतेची खूण.

आता बगदादला जाऊ. खलिफा मामून (कारकीर्द ८१३ ते ८३३) यांच्या काळात अल्-ख्वारिज्मींनी 'अल्-जब्र व अल्-मुकाबला' यांवर ग्रंथ लिहिला. त्यात खुणा नाहीत, सारे शब्दांत. अज्ञात राशी म्हणजे 'शय', वस्तू. तिचा वर्ग म्हणजे 'माल'. पण ग्रंथाच्या नावातील दोन शब्दांनी आपले घोड्यांचे गणित लगेच सुटते. 'जब्र' म्हणजे मोडलेले सांधणे : दोन्हीकडे १०० मिळवा, कर्ज फिटते, ६ घोडे व ४०० नाणी एकीकडे, १० घोडे दुसरीकडे. 'मुकाबला' म्हणजे समोरासमोर ठेवणे : दोन्हीकडचे सहा-सहा घोडे काढा. उरले ४ घोडे, ४०० नाणी. घोडा शंभराचा.

पुढे अंदालुस व मगरिबमधील गणित्यांनी अरबी अक्षरांच्या खुणा वापरल्या. पंधराव्या शतकातील अल्-कलसादींच्या लेखनात 'शय' साठी शीन, वर्गमुळासाठी 'जज़्र' मधला जीम आणि बरोबरीसाठी लाम दिसतो. 'शय' वरूनच युरोपचा एक्स झाला, अशी एक कथा आवडीने सांगितली जाते. ऐकायला गोड आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. देकार्तने १६३७ मध्ये अज्ञातांसाठी वर्णमालेची शेवटची अक्षरे घेतली, एवढे निश्चित. मराठीत त्याच एक्सचा 'क्ष' झाला. 'क्ष-किरण' या शब्दात तो आजही आहे.

अधिक-उणेच्या खुणा जर्मनीत १४८९ मध्ये छापल्या गेल्या. बरोबरचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने १५५७ मध्ये दिले. दोन समांतर रेषांइतके सारखे दुसरे काही नाही, हे त्याचे कारण. मुले येथेच सर्वाधिक फसतात. '=' म्हणजे 'उत्तर आले' असे समजून ६ + ४ = १० × २ = २० असे बिनदिक्कत लिहितात. ती तर तराजूची खूण आहे : दोन्ही पारड्यांत वजन सारखेच हवे. ६ + ४ म्हणजे २० नव्हे.

भास्कराचार्यांचा ग्रंथ मात्र संस्कृतातच राहिला नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, उस्ताद अहमद लाहोरींचे पुत्र अताउल्ला रशीदी यांनी 'बीजगणित' फारसीत उतरवले. एडवर्ड स्ट्रेची या इंग्रज अधिकाऱ्याने १८१३ मध्ये इंग्रजी वाचकांना ते दिले, तेही संस्कृतावरून नव्हे, याच फारसी भाषांतरावरून.